टिपून ठेवलेला डाव

२०२४ सालच्या ५ एप्रिल रोजी कॅनडातील टोरंटो शहरात दुपारचे अडीच वाजले, तेव्हा आमच्या नाशिकमध्ये तो दिवस संपून दुसरा लागत होता. नेमक्या त्या घटकेला टोरंटोत कॅन्डिडेट्स स्पर्धेची, म्हणजे बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला आव्हान देणारा खेळाडू निवडणाऱ्या स्पर्धेची, दुसरी फेरी सुरू झाली. साऱ्या जगातून निवडलेल्या आठ खेळाडूंमध्ये नाशिकचा विदित गुजराथी होता आणि त्याच्यापुढे अमेरिकेचा हिकारू नाकामुरा पांढरी मोहरी घेऊन बसला होता. नाकामुरा त्याआधी चाळीसहून अधिक डाव अपराजित राहिलेला. डाव रंगात येतो न येतो तोच विदितने आपला उंट नाकामुराच्या राजापुढील एका क्षुल्लक प्याद्यावर झोकून दिला. उंट गेला, पण राजापुढील तटबंदीला खिंडार पडले आणि त्यातून काळी मोहरी एकामागून एक आत शिरली. नाकामुराला डाव सोडून द्यावा लागला.

वर्तमानपत्रांनी त्या विजयाचे कौतुक केले ते रास्तच होते. त्यात एक गोष्ट मात्र आमच्या वाचनात कोठे आली नाही. हा डाव ज्या प्रारंभपद्धतीने खेळला गेला, तिला ‘स्पॅनिश’ म्हणतात आणि तिचे दुसरे नाव ‘रुई लोपेझ’. रुई लोपेझ हा सोळाव्या शतकातील एक स्पॅनिश धर्मगुरू होता. स्पेनमधल्या एका धर्मगुरूने कागदावर उतरविलेला विचार साडेचार शतकांनी गोदाकाठच्या एका तरुणाच्या हाती शस्त्र म्हणून यावा, हा प्रवास घडला कसा? आमच्या मते याचे उत्तर प्रतिभेत जितके आहे, त्याहून अधिक एका साध्या सवयीत आहे. ती सवय म्हणजे खेळलेला डाव लिहून ठेवण्याची आणि दुसऱ्याने लिहून ठेवलेला डाव शंका घेत वाचण्याची.

रुई लोपेझ हा स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातील साफ्रा गावचा. चौथे पायस पोपपदी आल्यानंतर, १५६० च्या सुमारास, ख्रिस्तसभेच्या कामानिमित्त तो रोमला गेला. तेथे तो इटालियन खेळाडूंशी खेळला, जिंकला, आणि तेथेच दामियानो नावाच्या पोर्तुगीज लेखकाचे बुद्धिबळावरील पुस्तक त्याच्या हाती पडले. हे पुस्तक १५१२ साली रोममध्येच छापले गेले होते आणि लोक त्याला प्रमाण मानीत असत. लोपेझने ते वाचले आणि त्याला ते पटले नाही. स्पेनला परतल्यावर १५६१ साली त्याने आल्काला येथे स्वतःचे पुस्तक छापले. त्यात त्याने दामियानोच्या मतांची एकेक करून उलटतपासणी केली आहे.

या उलटतपासणीतला एक मुद्दा सोप्या शब्दांत सांगावासा वाटतो, कारण घराघरांतील मुले आजही पटावर तेच करीत असतात. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे घातले, काळ्यानेही तसेच केले. पांढऱ्याने राजाकडचा घोडा बाहेर काढून काळ्याच्या त्या प्याद्यावर मारा धरला. आता काळ्याने काय करावे? दामियानो म्हणतो, वजिराकडचा घोडा काढून प्याद्याला जोर द्यावा, हेच उत्तम. लोपेझ म्हणतो, हे उत्तम नव्हे. कारण तिसऱ्या चालीत पांढरा आपला उंट थेट पाचव्या ओळीत आणून जोर देणाऱ्या त्या घोड्यालाच गाठेल. प्याद्यावर हल्ला नाही, प्याद्याच्या रक्षकावर हल्ला! ही तिसरी चाल म्हणजेच ‘रुई लोपेझ’. गंमत अशी की त्याचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. घोडा काढून जोर देणे हीच आजही काळ्याची सर्वाधिक खेळली जाणारी चाल आहे, म्हणजे वादात दामियानोची बाजू खरी ठरली. पण लोपेझने वादात पुढे केलेली उंटाची चाल मात्र अमर झाली. निष्कर्ष चुकला तरी युक्तिवाद लिहून ठेवलेला होता, म्हणून पुढच्यांना त्यातले सोने वेचता आले.

याच पुस्तकातून ‘गॅम्बिट’ हा शब्द बुद्धिबळात रुळला. कुस्तीत पायात पाय घालून पाडणे अशा अर्थाच्या इटालियन शब्दावरून लोपेझने तो घेतला. आपण प्यादे मुद्दाम देऊ करावे, प्रतिपक्षाने ते लोभाने घ्यावे आणि तोंडघशी पडावे, हा त्याचा आशय. लोपेझ काही अगदी साधुपुरुष होता असे म्हणवत नाही. सूर्य प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर येईल अशा रीतीने पट मांडावा, असा सल्लाही या धर्मगुरूने देऊन ठेवला आहे! पुढे १५७५ साली माद्रिदच्या राजदरबारात लिओनार्दो आणि पाओलो बोई या दोघा इटालियनांनी त्याला हरविले.

एका धर्मगुरूने खेळावर ग्रंथ लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. ख्रिस्तसभेचे या खेळाशी नाते एकसारखे राहिलेले नाही. अकराव्या शतकात संत पीटर दामियन यांनी फ्लॉरेन्सच्या बिशपांनी रात्री बुद्धिबळ खेळल्याबद्दल त्यांना कठोर शब्दांत दोष दिला व प्रायश्चित्त सांगितले. फासे व पैज यांच्या संगतीमुळे त्या काळी हा खेळ बदनाम होता. दोन शतकांनी डोमिनिकन संघाच्या याकोबुस दे चेस्सोलिस यांनी याच खेळावर प्रवचने रचली आणि राजा, वजीर, प्यादे यांच्या रूपाने समाजातील प्रत्येकाची कर्तव्ये सांगितली. ती इतकी लोकप्रिय झाली की इंग्रजीत छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत विल्यम कॅक्स्टनने केलेल्या त्यांच्या भाषांतराचा समावेश आहे. आणि लोपेझच्याच काळात, त्याच्याच देशात, अविलाच्या संत तेरेसा यांनी ‘पूर्णत्वाचा मार्ग’ या ग्रंथात आपल्या भगिनींना प्रार्थनाजीवन समजावताना बुद्धिबळाचा दृष्टान्त घेतला: या राजाला मात देणारे मोहरे म्हणजे नम्रता. आपल्या मठात ज्या खेळाला जागा नाही, त्याचे ज्ञान मठाच्या मातेला कसे, याबद्दल भगिनी आपल्याला बोल लावतील, हेही त्या मिस्कीलपणे नोंदवितात. पुढे स्पेनमधील बुद्धिबळपटूंनी त्यांनाच आपल्या आश्रयदात्या संत मानले.

जाता जाता एक सांगतो. ज्या मोहऱ्याला आपण मराठीत उंट म्हणतो, त्यालाच इंग्रजीत बिशप म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्याचे नाव ‘आल्फिल’, म्हणजे अरबीतला हत्ती. आणि फ्रेंच लोक त्याला विदूषक म्हणतात. मूळ भारतीय हत्ती देशोदेशी फिरून कोठे उंट, कोठे विदूषक आणि कोठे बिशप झाला. या तिघांपैकी कोणत्या नावात अधिक तथ्य आहे, ते आम्ही वाचकांवर सोपवितो.

आता आपल्या भूमीकडे वळू. बुद्धिबळाचे मूळ भारतात, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगाचे वर्णन आहे. पुढे पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ या धर्मशास्त्रावरील महाग्रंथातील ‘नीतिमयूख’ भागात या खेळाचे नियम दिले, आणि एकच घोडा पटावरील ६४ घरांपैकी प्रत्येक घरी एकदाच कसा जाईल, याची कोडीही सोडवून दाखविली. नाशिकवरून वाहणारी गोदावरीच पुढे पैठणला जाते, म्हणून या नीलकंठांविषयी आम्हांला अंमळ अधिक जवळीक वाटते.

आपल्याकडे खेळला जाणारा डाव मात्र युरोपातल्यासारखा नव्हता. देशी पद्धतीत प्यादे आरंभीसुद्धा एकेकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची चाल चालण्याची मुभा असे. शेवटच्या घरी पोहोचलेले प्यादे त्या घराच्या मोहऱ्याचे रूप घेई. हा संथ, कसदार आणि आपल्या परीने पूर्ण असा खेळ होता. वाड्यांच्या ओसरीवर, देवळांच्या पडवीत पिढ्यान्‌पिढ्या तो रंगला. पण त्या असंख्य डावांपैकी आज आपल्या हाती किती आहेत? जवळजवळ एकही नाही. १८१४ साली मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृतातील बुद्धिबळग्रंथ इंग्रजी भाषांतरासह अवतरला. त्या काळाच्या मानाने ही मोलाची घटना होय. परंतु त्यात आहेत त्या मुख्यत्वे निवडक स्थिती: इतक्या चालींत मात करा, असली कोडी. अमुक दिवशी अमक्याने तमक्याशी खेळलेला डाव, त्यातील चुका, हुकलेली संधी, हरणाऱ्याचा पश्चात्ताप, यांपैकी काही आपल्याला त्यातून मिळत नाही. कोडे उत्तर शिकविते. चुकीला आपण पोहोचलो कसे, हे शिकण्यासाठी मात्र संपूर्ण डावच हवा.

याच शतकाच्या मध्याला कोलकात्यात काय घडले ते पाहिले म्हणजे हा फरक ध्यानी येईल. तेथे जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, तो युरोपातील नामांकित खेळाडू. बंगालच्या खेड्यातील महेशचंद्र बंदोपाध्याय नावाच्या, कधीही न हरलेल्या ब्राह्मणाची कीर्ती ऐकून त्याला कोलकात्यास आणले गेले आणि कॉक्रेन त्याच्याशी वर्षानुवर्षे खेळत राहिला. कॉक्रेनला डाव टिपण्याची सवय होती. म्हणून महेशचंद्रांचे शेकडो डाव जगाला मिळाले. काळ्याने मधली घरे तूर्त सोडून उंट कोपऱ्यातून लांब पल्ल्याने रोखायचा, ही त्यांची तऱ्हा युरोपला तेव्हा चमत्कारिक वाटली. आज त्याच वळणाच्या खेळ्यांना जग ‘इंडियन डिफेन्स’ म्हणते. महेशचंद्रांच्या तोडीचे कोणी पुण्यात, साताऱ्यात वा आमच्या पंचवटीत त्या काळी नव्हतेच असे कसे म्हणावे? पण त्यांच्या समोर वही घेऊन कोणी बसले नाही.

वही नसण्याची किंमत काय, हे मीर सुलतान खान यांच्या आयुष्यात दिसते. पंजाबातील सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा माणूस देशी पद्धतीने वाढला. १९२९ मध्ये त्याला लंडनला नेले आणि त्याच वर्षी तो ब्रिटिश विजेता ठरला; १९३२ व १९३३ साली पुन्हा. हेस्टिंग्ज येथे त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरविले. डावाच्या मध्यात आणि अंताला त्याची समज अलौकिक होती. आरंभीच्या दहा-बारा चालींत मात्र तो सतत अडखळे, कारण ज्या चाली युरोपातली शाळकरी मुले पुस्तकातून पाठ करीत, त्या त्याला दर वेळी पटासमोर बसून नव्याने शोधाव्या लागत. १९३३ च्या अखेरीस तो मायदेशी परतला आणि स्पर्धांतून कायमचा नाहीसा झाला. जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर ग्रँडमास्टर ही सन्माननीय पदवी दिली ती २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

महाराष्ट्रात वहीचे युग आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल, त्यांत सांगलीच्या भाऊसाहेब पडसलगीकरांचे स्थान वरचे आहे. त्यांचे नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ चे. अखिल भारतीय महासंघसुद्धा त्यानंतर दहा वर्षांनी, १९५१ मध्ये झाला. सांगलीतल्या स्पर्धांना गावोगावची मुले येत, खेळत, आणि खेळलेल्या डावाचे कागद घेऊन घरी जात. आजही महाराष्ट्रातील जुने खेळाडू सांगलीचे नाव काढले की हळवे होतात. स्वाती घाटे यांच्यासारखी महिला ग्रँडमास्टर याच गावातली.

१९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर हिने. तिच्या मागोमाग तिच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी आल्या. गिरगावातील एका मराठी संपादकाच्या या तीन कन्यांनी पुढची दहा वर्षे ते विजेतेपद घराबाहेर जाऊ दिले नाही. एकाच घरात तिघी असल्याने रोज खेळायला तुल्यबळ प्रतिस्पर्धी आणि डाव तपासायला दोन कठोर परीक्षक उपलब्ध! आमच्या वाचक कुटुंबांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. रोहिणीने १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेले आणि तिचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की स्त्रीला अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली आणि १९८३ मध्ये पुन्हा. त्या वेळी उघडलेल्या दारातून पुढे भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या म्हणून गेल्या; आणि २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला.

या पिढ्यांनी अभ्यास केला तो कसा? त्यासाठी डाव लिहिण्याच्या लिपीविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. पटावरील उभ्या आठ रांगांना ए ते एच ही अक्षरे, आडव्या आठ रांगांना १ ते ८ हे अंक. म्हणजे प्रत्येक घराला एक नाव मिळाले. अठराव्या शतकात सीरियातील अलेप्पोचा फिलिप स्टाम्मा याने ही पद्धत पुस्तकात वापरली. इंग्रज मात्र जुन्या, लांबलचक पद्धतीला चिकटून राहिले आणि त्यांच्यामुळे आपणही. १९८१ पासून जागतिक संघटनेने केवळ या घरनामांच्याच पद्धतीला मान्यता दिली. त्याआधीच, १९६६ पासून, बेलग्रेडहून ‘इन्फॉर्मेटर’ नावाचे जाडजूड संग्रह निघू लागले होते. त्यांत जगभरच्या स्पर्धांतील निवडक डाव असत आणि टीकाटिप्पणी शब्दांऐवजी खुणांनी केलेली असे: चांगल्या चालीला उद्गारचिन्ह, वाईट चालीला प्रश्नचिन्ह, वगैरे. इंग्रजी न येणारे मराठी मूलही ते वाचू शके. चेन्नईत सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब होता. बालवयातील विश्वनाथन आनंद तेथे वाढला आणि १९८८ साली देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. मुंबईच्या प्रवीण ठिपसे यांना तो किताब १९९७ मध्ये आणि पुण्याच्या अभिजित कुंटे यांना २००० मध्ये मिळाला.

छापील डाव वाचण्याची खरी रीत जुन्या शिक्षकांनी घालून दिली आहे आणि ती फुकटची आहे. पट मांडावा. डावाच्या कागदावर एक पुठ्ठा ठेवावा आणि एकेक ओळ उघड करावी. पुढची चाल उघडण्याआधी आपण ती जागा घेतली असती तर काय केले असते, ते वेगळ्या वहीत लिहावे, कारणासह. मग पुठ्ठा सरकवावा. आपली चाल आणि गुरूची चाल निराळी निघाली की तेथे थांबावे. प्रतिपक्षाची कोणती धमकी आपल्या नजरेतून सुटली? कोणते मोहरे दुहेरी कामाला जुंपलेले होते? कोणता घोडा राजाच्या आड जखडला गेला होता? असे एका डावाला दोन तास सहज जातात. महिन्याला चार डाव झाले तरी पुष्कळ.

हरलेल्या डावांचा अभ्यास तर याहून महत्त्वाचा. बॉबी फिशरसारख्या गर्विष्ठ समजल्या गेलेल्या माणसाने १९६९ मध्ये आपल्या साठ डावांचे पुस्तक काढले, त्यात आपण हरलेले तीन डावही घातले. १९७२ साली आइसलँडमध्ये बोरिस स्पास्कीविरुद्ध जगज्जेतेपदाचा सामना खेळताना, अर्धवट राहिलेले डाव रात्री तपासायला त्याच्या सोबत जो साहाय्यक होता, तो विल्यम लोम्बार्डी, कॅथलिक धर्मगुरू! १९६७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे काही वर्षांनी त्यांनी ते जीवन सोडले. त्याआधी १९५७ साली त्यांनी कुमारांची जागतिक स्पर्धा जिंकली होती, अकरापैकी अकराही डाव जिंकून. ती स्पर्धा झाली होती टोरंटोमध्येच.

विदित गुजराथीची जडणघडण नाशिकची. फ्रावशी अकादमीत त्याचे शिक्षण झाले. २००८ साली व्हिएतनाममध्ये चौदा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा त्याने जिंकली. २०१३ मध्ये तो ग्रँडमास्टर झाला आणि २७०० गुणांकनाची पातळी ओलांडणारा चौथा भारतीय ठरला. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आइल ऑफ मॅन बेटावर झालेल्या ग्रँड स्विस स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत हरला. अकरा फेऱ्यांच्या स्पर्धेत, जगातले बहुतेक बलाढ्य खेळाडू समोर असताना, पहिला डाव गमावणारा माणूस सहसा पहिल्या पाचांतही येत नाही. उरलेल्या दहा डावांतून विदितने साडेआठ गुण मिळविले आणि स्पर्धा जिंकली. नाकामुरा अर्ध्या गुणाने मागे राहिला. टोरंटोचे दार त्याला उघडले ते या विजयाने. तोवर इतकी वर्षे भारताकडून त्या स्पर्धेत एकटा आनंदच खेळत आलेला. २०२४ मध्ये खुल्या गटात एकदम तीन भारतीय होते, त्यांतला एक नाशिकचा.

आरंभी सांगितलेला डाव लोपेझच्या उंटाने सुरू झाला आणि विदितने त्याला जे उत्तर दिले, त्याला ‘बर्लिन’ बचाव म्हणतात: हल्ल्यात सापडलेल्या घोड्याची चिंता न करता दुसरा घोडा बाहेर काढायचा. हा बचाव दीर्घकाळ रुक्ष मानला जाई. २००० साली लंडनमध्ये क्रॅमनिकने त्याच्या आधाराने कास्पारोव्हला एकही डाव जिंकू दिला नाही आणि जगज्जेतेपद काढून घेतले. तेव्हापासून तो प्रतिष्ठित झाला. बरोबरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या बचावातून एच-३ घरावर उंटाचे बलिदान निघावे, हे पाहणाऱ्यांना धक्कादायक होते. विदितने ते घरी अभ्यासून आणले होते. या अभ्यासात आता संगणकाचा मोठा वाटा असतो. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ यंत्राने कास्पारोव्हला हरविले. आजचा साधा भ्रमणध्वनीही कोणाही माणसाला हरवील. यंत्र चाल सुचविते, परंतु ती कोणत्या दिवशी, कोणासमोर, कोणत्या धीराने खेळायची, हे ठरविणे खेळाडूकडेच राहते. आमची तक्रार यंत्राविषयी नाही. थेट प्रक्षेपणात पटाशेजारी एक पांढरी-काळी पट्टी वरखाली होत असते आणि कोण जिंकते आहे ते क्षणोक्षणी सांगते. आमच्या ओळखीची मुले पट पाहण्याआधी ती पट्टी पाहतात. पुठ्ठा सरकविण्याआधीच उत्तर दिसले, तर वहीत लिहायला उरते काय?

तिसऱ्या फेरीत विदितची गाठ चेन्नईच्या प्रज्ञानंदशी पडली. या वेळी पांढरी मोहरी विदितकडे होती आणि लोपेझचा उंट त्याने स्वतः बाहेर काढला. प्रज्ञानंदने तिसऱ्याच चालीत एक प्यादे धाडसाने पुढे लोटले. शतकांपूर्वी लोपेझने ज्या युक्तीला नाव दिले, तोच हा गॅम्बिट. आणि तो डाव विदित हरला. चौथ्या फेरीत नेपोम्नियाचीनेही त्याला हरविले. नवव्या फेरीत त्याने नाकामुराला पुन्हा एकदा नमविले, या वेळी पांढऱ्या मोहऱ्यांनी. चौदा फेऱ्यांअखेर त्याचे सहा गुण झाले आणि तो सहावा आला. नऊ गुणांसह पहिला आलेला गुकेश त्याच वर्षी डिसेंबरात जगज्जेता झाला. तत्पूर्वी सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने प्रथमच सुवर्णपदक मिळविले, तेव्हा गुकेश, प्रज्ञानंद आणि अर्जुन एरिगैसी यांच्या शेजारी चौथ्या पटावर विदित होता.

टोरंटोतील ते चौदाही डाव, जिंकलेले आणि हरलेले, कोणालाही विनामूल्य मिळतात. यंदाच्या सुट्टीत आम्ही त्यांपैकी दोन कागदावर उतरवून धर्मग्रामातील मुलांना दिले: नाकामुराविरुद्धचा पहिला आणि प्रज्ञानंदविरुद्धचा. सभागृहात चार पट मांडले, पुठ्ठे कापून दिले आणि भ्रमणध्वनी एका टोपलीत ठेवायला सांगितले. उंटाच्या बलिदानाची चाल अकरांपैकी एकाही मुलाने ओळखली नाही. दुसऱ्या डावापाशी मात्र सातवीतली एक मुलगी अडून बसली आहे. विदितने त्या पुढे आलेल्या प्याद्याचे काय करायला हवे होते, याविषयी तिचे मत निराळे आहे आणि ते तिने वहीत दीड पान लिहून आणले आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ते आम्हांला पटावर तपासायचे आहे.